लॉ स्कूलचं बजेट वाढवून मागताना

अमेरिकेत लॉ स्कूलला गेलेल्या मुलांच्या घरी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास एक फोन हमखास येतो. दाढ दुखतेय, लॅपटॉप गेलाय किंवा घरमालकाने भाडं वाढवलंय. त्यापाठोपाठ पुढचं वाक्य येतं, "वर्गातली मुलं म्हणतायत की फायनान्शियल एड ऑफिसला अर्ज केला की जास्तीचे पैसे देतात." हे अर्धंच खरं आहे. कॉलेजचं हे आर्थिक मदतीचं ऑफिस अर्ज घेतं, बऱ्याचदा मंजूरही करतं. पण मंजूर होते ती किती पैसे घेता येतील याची मर्यादा. ती भरून काढणारे पैसे बहुतेक वेळा कर्जाचेच असतात. रेशनकार्डावर साखरेचा कोटा वाढवून मिळाला तरी साखर विकतच घ्यावी लागायची, तसंच हे. म्हणून अर्ज भरण्याआधी वाढलेली मर्यादा नेमकी कशाने भरली जाणार आहे, ते विचारून घ्यावं.

प्रत्येक कॉलेज दरवर्षी 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स' नावाचा एक आकडा ठरवतं. विद्यार्थी त्याला नुसतं 'बजेट' म्हणतात. त्यात ट्यूशन आणि फी असतेच, शिवाय राहणं-खाणं, पुस्तकं, प्रवास, किरकोळ वैयक्तिक खर्च आणि सरकारी कर्जावर लागणारी फीसुद्धा धरलेली असते. हा तुमचा प्रत्यक्ष खर्च नव्हे. त्या गावात एक साधारण विद्यार्थी साधेपणाने राहिला तर किती लागेल, याचा तो अंदाज असतो. आणि तो सहसा नऊ महिन्यांचाच असतो. जून, जुलै, ऑगस्टचं भाडं त्यात नसतं. कित्येकांना हे पहिल्या उन्हाळ्यात कळतं, तेही विनापगारी इंटर्नशिप पत्करून झाल्यावर.

स्कॉलरशिप, सरकारी कर्ज, खासगी कर्ज, वर्क-स्टडी (शिकताना करायचं सरकारी मदतीचं अर्धवेळ काम) हे सगळं मिळून या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. तुमचा खरा खर्च सरासरीपेक्षा वेगळा असेल तर आकडा बदलून घेण्याची सोय कायद्यातच आहे. १९६५ च्या हायर एज्युकेशन अ‍ॅक्टमध्ये फायनान्शियल एड अधिकाऱ्याला एकेका विद्यार्थ्याचं प्रकरण पाहून, कागदपत्रांच्या आधारे फेरबदल करण्याचा अधिकार दिलेला आहे. त्याला 'प्रोफेशनल जजमेंट' म्हणतात. असे सगळेच अर्ज सरसकट फेटाळायचं धोरण कॉलेजला ठेवता येत नाही, आणि अशी सोय आहे हे विद्यार्थ्यांना जाहीरपणे सांगावंही लागतं. उलट बाजूही तितकीच पक्की आहे. अधिकाऱ्याचा निर्णय शेवटचा असतो. वॉशिंग्टनमधलं शिक्षण खातं त्यावर अपील ऐकत नाही. नवा कागद हाती आला तर त्याच ऑफिसकडे पुन्हा जाता येतं, एवढंच.

तीन वेगवेगळे अर्ज

गोंधळ होतो तो इथे. एकाच टेबलावर तीन निराळे अर्ज जातात आणि आपण तिघांनाही 'अपील' म्हणतो.

पहिला अर्ज खर्च वाढल्याचा. त्याने बजेट वाढतं. हा लेख मुख्यतः त्याबद्दलच आहे.

दुसरा, उत्पन्न घटल्याचा. फाफ्सा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीसाठी भरायच्या फॉर्ममध्ये दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतात. २०२६-२७ च्या फाफ्सावर २०२४ चा टॅक्स रिटर्न असतो. समजा, तुमच्या भाच्याने तीन वर्षं आयटीत नोकरी केली आणि ती सोडून लॉ स्कूल धरलं. कागदावर तो अजूनही सहा आकडी पगारवाला दिसतो, खिशात मात्र काही नाही. हे कळवलं तर कॉलेजची गरजेवर आधारित ग्रँट (फेडावी न लागणारी मदत) किंवा वर्क-स्टडी यात फरक पडू शकतो. सरकारी कर्जात पडत नाही. लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांना मिळणारं सरकारी कर्ज गरज बघून दिलंच जात नाही. व्याज सरकार भरतं अशी सवलत पदवीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी जुलै २०१२ पासून बंद आहे.

तिसरा अर्ज स्कॉलरशिप वाढवण्याचा: "दुसऱ्या कॉलेजने इतके देऊ केलेत, तुम्ही किती देता?" ही सरळ घासाघीस आहे. ती प्रवेश पक्का करण्याआधी, बहुतेक वेळा अ‍ॅडमिशन ऑफिसशी करायची असते. हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्ड इथे ग्रँट फक्त गरजेवर देतात, त्यामुळे गुणांच्या जोरावर ही घासाघीस तिथे चालत नाही. पहिला सेमिस्टर उलटल्यावर दाढेच्या बिलासोबत कोणी हा मुद्दा काढला तर मूळ अर्जही कमजोर होतो.

आई-वडिलांसाठी एक बाजूची गोष्ट. लॉ स्कूलचा विद्यार्थी फाफ्साच्या लेखी आपोआप स्वतंत्र ठरतो, घरी राहत असला आणि तुमच्या हातचं जेवत असला तरी. सरकारी कर्जासाठी तुमचं उत्पन्न कोणी विचारत नाही. पण स्वतःच्या तिजोरीतून ग्रँट देणारी काही कॉलेजं आई-वडिलांचीही माहिती मागतात. त्यावर "आम्ही तर स्वतंत्र आहोत" असा वाद घालण्यात अर्थ नाही. ग्रँट त्यांची, नियमही त्यांचे.

काय धरतात, काय नाही

लॅपटॉप धरतात, पण बहुतेक ठिकाणी तीन वर्षांत एकदाच आणि ठराविक रकमेपर्यंत. विम्याने न दिलेला डॉक्टरचा, डेंटिस्टचा किंवा चष्म्याचा खर्च धरतात. मूल असेल तर पाळणाघराचा खर्च कायद्यातच आहे. आणि तो फक्त वर्गाच्या वेळेपुरता नसतो. अभ्यास, इंटर्नशिप आणि जाण्या-येण्याचा वेळही त्यात मोजता येतो. लहान मूल सांभाळून शिकणाऱ्या कितीतरी जणी हे मागतच नाहीत, कारण फॉर्मवर ती ओळ कुठेतरी तळाशी असते. अपंगत्वामुळे लागणारी उपकरणं किंवा मदतनीस यांचा खर्च दुसऱ्या कोणाकडून मिळत नसेल तर तोही चालतो. गाडीची दुरुस्ती बऱ्याच ठिकाणी चालते, गाडी विकत घेणं मात्र चालत नाही.

न चालणाऱ्यांची यादी लांब आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी, जुन्या कर्जाचे हप्ते, नवरा-बायकोचा खर्च, सामान हलवण्याचा खर्च, मुलाखतीसाठी शिवलेला सूट हे काहीच सहसा धरत नाहीत. चुलतभावाच्या लग्नासाठी काढलेलं मुंबईचं तिकीट तर नाहीच. बजेट विद्यार्थ्याच्या शिक्षणाचं असतं, कुटुंबाच्या संसाराचं नव्हे. हा एक नियम लक्षात ठेवला तर निम्मे अर्ज लिहायचे कष्ट वाचतात.

भाड्याचं प्रकरण मधलं आहे. समजा, कॉलेजने राहण्या-खाण्यासाठी महिन्याला २,२०० डॉलर धरलेत आणि तुमच्या भाचीने एकटीसाठी २,४०० डॉलरचा फ्लॅट घेतला. "मला शांतता लागते" हे कारण खरं असलं तरी ऑफिस म्हणेल की ही तुमची निवड आहे. वर्गातली बाकीची मुलं दोघं-तिघं मिळून राहत असताना एकीची शांतता कर्जाच्या बजेटमध्ये का धरायची, हा त्यांचा प्रश्न. तेच कारण मुलाचं असेल, आजाराचं असेल, किंवा अर्ध्या वर्षात रूममेट सोडून गेला आणि करारात दोघांची सही असेल, तर ऐकून घेण्याची शक्यता बरीच वाढते. सोबत भाडेकरार लागतो, आणि त्यातला फक्त स्वतःचा वाटा मोजायचा असतो.

पत्र आणि त्याखालचे कागद

कायद्याच्या विद्यार्थ्याला इथे चार पानांचं ब्रीफ लिहायचा मोह होतो. आवरावा. वाचणाऱ्या माणसापुढे त्या आठवड्यात असे ढीगभर अर्ज असतात. त्याला निर्णय द्यायचा असतोच, शिवाय उद्या ऑडिटमध्ये कोणी फाइल उघडली तर तो निर्णय कशावर दिला हेही दाखवायचं असतं. त्याला तुमच्या लेखनशैलीची नव्हे, फाइलमध्ये लावायच्या कागदाची गरज असते.

चांगलं पत्र साधारण असं असतं: "माझ्या यंदाच्या बजेटमध्ये वैयक्तिक खर्चासाठी २,७०० डॉलर धरलेले आहेत. ८ ऑक्टोबरला माझ्या दाढेचं रूट कॅनाल झालं, पुढच्या महिन्यात कॅप बसवायची आहे. विम्याचा वाटा वजा जाऊन माझ्यावर १,४०० डॉलर आले. माझा लॅपटॉप दुरुस्त होण्यासारखा नाही, नव्याची किंमत १,५०० डॉलर आहे. एकूण २,९०० डॉलरची वाढ मागत आहे. सोबत डेंटिस्टचं बिल, पुढच्या कामाचं लेखी एस्टिमेट, विमा कंपनीचं ईओबी, पैसे भरल्याची पावती, दुरुस्तीवाल्याची चिठ्ठी आणि नव्या लॅपटॉपचं कोटेशन जोडलं आहे." बस.

यातला ईओबी, म्हणजे विमा कंपनीने किती दिले ते सांगणारा तिचा कागद, सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. बिलावर पूर्ण रक्कम असते आणि विमा कंपनीने किती दिले ते त्यावर दिसतंच असं नाही. ईओबीशिवाय गेलेला वैद्यकीय अर्ज सहसा "कागद अपुरे" म्हणून परत येतो, आणि त्यात दोन-तीन आठवडे जातात. दुसरी नेहमीची अडचण नावाची. बिल वडिलांच्या नावावर, पैसे आईच्या कार्डावरून आणि विद्यार्थिनी तिसरीच! आपल्या घरांत हे अगदी स्वाभाविक आहे, पण फाइलवर ते "हा खर्च विद्यार्थ्याचा नाही" असं वाचलं जातं. शक्य असेल तिथे बिल आणि पैसे दोन्ही मुलांच्या नावाने होऊ द्यावेत.

खर्च त्या शैक्षणिक वर्षाच्या काळातला असला पाहिजे. मे महिन्यात सत्र संपत आल्यावर सप्टेंबरच्या पावत्या गोळा करून पाठवल्या तर बजेट वाढवूनही कर्ज मंजूर व्हायला वेळ उरत नाही. बिल आलं त्या आठवड्यात अर्ज करावा.

वाढीव मर्यादा कशाने भरणार?

इथे २०२६ ने चित्र बदललं. आधीची पद्धत सोपी होती. लॉ स्कूलच्या विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत डायरेक्ट अनसब्सिडाइज्ड कर्ज (व्याजात सवलत नसलेलं सरकारी कर्ज) मिळायचं. उरलेली सगळी रक्कम, अगदी बजेटच्या टोकापर्यंत, ग्रॅड प्लस नावाच्या दुसऱ्या सरकारी कर्जातून घेता यायची. म्हणजे बजेट ३,००० ने वाढलं की ग्रॅड प्लसही ३,००० ने वाढायचं. "अर्ज केला की पैसे मिळतात" ही समजूत तिथून आली.

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या 'वन बिग ब्यूटिफुल बिल अ‍ॅक्ट'ने ग्रॅड प्लस नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद केलं. त्याऐवजी कायद्यासारख्या व्यावसायिक पदव्यांसाठी अनसब्सिडाइज्ड कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर केली. जे विद्यार्थी आधीच शिकत होते आणि त्या तारखेपूर्वी त्याच कोर्ससाठी सरकारी कर्ज घेऊन बसले होते, त्यांना जुनी पद्धत पुढची तीन शैक्षणिक वर्षं किंवा कोर्स संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर वापरता येते.

नव्या विद्यार्थ्यासाठी हिशोब मांडून बघू. एका खासगी कॉलेजचं बजेट ८३,८०० डॉलर आहे आणि स्कॉलरशिप २०,००० ची आहे असं धरा. न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया किंवा एनवाययूसारख्या ठिकाणी नुसती ट्यूशनच ७०,००० च्या पुढे आहे, त्यामुळे हा आकडा फुगवलेला नाही. स्कॉलरशिपचे २०,००० आणि सरकारी कर्जाचे ५०,००० मिळून ७०,००० झाले. १३,८०० चं भगदाड दाढ दुखण्याच्या आधीपासूनच आहे. आता वरचा २,९०० चा अर्ज मंजूर झाला तर बजेट ८६,७०० होतं आणि भगदाड १६,७०० चं. सरकारी कर्ज एका डॉलरनेही वाढत नाही. वाढतो तो खासगी कर्जाचा वाव.

हाच अर्ज राज्य विद्यापीठात केला तर? बजेट ५५,८००, स्कॉलरशिप १०,०००, कर्ज ४५,८००. इथे ५०,००० च्या मर्यादेत अजून ४,२०० शिल्लक आहेत, त्यामुळे २,९०० आरामात सरकारी कर्जात बसतात. पत्र तेच, दाढही तीच, निकाल मात्र वेगळा. म्हणून आधी आपल्या अ‍ॅवॉर्ड लेटरवर (किती मदत मिळणार ते सांगणाऱ्या कॉलेजच्या पत्रावर) ही वजाबाकी करून बघावी आणि मगच पत्र लिहावं.

खासगी कर्ज वाईटच असतं असं नाही. आई-वडिलांचा क्रेडिट स्कोअर उत्तम असेल आणि ते सहकर्जदार व्हायला तयार असतील, तर कधी कधी त्याचा दर सरकारी दरापेक्षा कमीही मिळतो. पण मुलीला सरकारी वकिली किंवा ना-नफा संस्थेत काम करायचं असेल, तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी. १२० हप्त्यांनंतर उरलेलं कर्ज माफ करणारी सार्वजनिक सेवेची योजना फक्त सरकारी कर्जाला लागू आहे. खासगी कर्जाला ती कधीच लागू होत नाही.

सरकारी कर्जसुद्धा स्वस्त नाही. २०२५-२६ मध्ये या कर्जाचा दर ७.९४ टक्के होता आणि रक्कम हातात येण्याआधीच १.०५७ टक्के फी कापली जायची. या दराने पहिल्या वर्षी घेतलेल्या २,९०० वर दरसाल साधारण २३० डॉलर व्याज चढतं, शिकत असतानाच. पदवीनंतर दहा वर्षांच्या सरळ हप्त्यांनी फेडलं तर एकूण ५,२०० ते ५,३०० डॉलर जातात. म्हणजे ती दाढ आणि तो लॅपटॉप जवळजवळ दुपटीला पडतात.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न बजेटचा नसावाच. "तुमच्याकडे इमर्जन्सी ग्रँट आहे का?" हा असावा. अनेक लॉ स्कूलांकडे अचानक आलेल्या खर्चासाठी छोटा निधी असतो. रक्कम थोडी असते, पण ती फेडायची नसते. दाढेसारख्या गोष्टीसाठी विद्यापीठाचं डेंटल कॉलेज असेल तर तिथे शिकाऊ डॉक्टरांकडे कमी पैशांत काम होतं. ऑफिसातली माणसं हे पर्याय विचारल्यावर सांगतात, आपणहून फारसं सांगत नाहीत. आणि कर्ज घेतल्यावर लक्षात आलं की एवढे नको होते, तर सरकारी कर्जातली नको असलेली रक्कम मिळाल्यापासून १२० दिवसांच्या आत परत करता येते. तेवढ्या रकमेवरचं व्याज आणि फी दोन्ही रद्द होतात. मुलांना हे माहीत नसतं. फी वजा जाऊन उरलेल्या कर्जाचा बँकेत दिसणारा रिफंड त्यांना मिळालेला पैसा वाटतो.

बार परीक्षेचा उन्हाळा

शेवटच्या वर्षाचं गणित सगळ्यात अवघड. पदवी मे महिन्यात मिळते, वकिलीच्या परवान्यासाठीची बार परीक्षा जुलैच्या शेवटच्या मंगळवार-बुधवारी असते, आणि पगार सुरू व्हायला शरद ऋतू उजाडतो. मधल्या महिन्यांत दिवसाचे दहा तास अभ्यास, उत्पन्न शून्य आणि बजेट मे महिन्यातच संपलेलं.

यातली बार परीक्षेची फी बजेटमध्ये धरता येते. परीक्षा नंतर असली तरी चालते, पण पैसे विद्यार्थी असतानाच भरलेले हवेत. बहुतेक राज्यांत अर्ज वसंत सत्रातच (जानेवारी ते मे) भरायचा असतो, त्यामुळे हे जमतं. बार रिव्ह्यू कोर्सची फी मात्र बहुतेक कॉलेजं धरत नाहीत, आणि ती सहज दोन ते चार हजार डॉलर असते. जून-जुलैचं भाडंही धरत नाहीत. त्यासाठी खासगी बँकांचं 'बार लोन' असतं, पण ते सगळ्यात शेवटी पाहावं. मोठ्या लॉ फर्ममध्ये नोकरी ठरली असेल तर परीक्षेची फी आणि कोर्सचे पैसे सहसा फर्मच देते. तेव्हा कर्ज काढण्याआधी ऑफर लेटर नीट वाचावं.

ज्यांना फाफ्साच भरता येत नाही

आपल्या लोकांत हा गट मोठा आहे. वयाच्या तिसऱ्या वर्षी आई-वडिलांबरोबर न्यू जर्सीतल्या एडिसनला आलेली, इथेच शाळा शिकलेली, मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी नाचलेली मुलगी अजून एच-४ वर (आई-वडिलांवर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर) असेल, किंवा २१ पूर्ण झाल्यावर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेली असेल, तर तिला सरकारी कर्ज एक पैचंही मिळत नाही. ग्रीन कार्ड हातात हवं, नुसती रांगेतली जागा उपयोगी नाही. पुण्याच्या आयएलएस किंवा मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजमधून एलएलएमसाठी येणाऱ्यांचंही तेच. त्यांच्यासाठी बजेटवाढीचा अर्ज व्यर्थ नाही, पण त्याचं काम वेगळं असतं. भारतातली बँक किंवा इथला खासगी सावकार सहसा कॉलेजने कागदावर मान्य केलेल्या खर्चाच्या आतच कर्ज देतो. पाळणाघर किंवा औषधोपचार यांचा खर्च त्या कागदावर चढला तरच त्यासाठी कर्ज मागता येतं. कॉलेजची स्वतःची ग्रँट आणि इमर्जन्सी निधी परदेशी विद्यार्थ्यांना खुला आहे का, हे प्रत्येक ठिकाणी निराळं असतं, तेव्हा विचारूनच घ्यावं.

एलएलएम करून न्यूयॉर्कची बार परीक्षा द्यायची असेल तर अजून एक आकडा आधीच धरून ठेवावा. अमेरिकेत जेडी (तिथली कायद्याची तीन वर्षांची पदवी) केलेल्यांना तिथली परीक्षा फी २५० डॉलर आहे, परदेशात कायदा शिकून आलेल्यांना ७५०. एलएलएम एकाच वर्षाचं असल्यामुळे सप्टेंबरात वर्ग सुरू झाले की वसंत सत्र, म्हणजे ही फी भरायची वेळ, लगेच येते. बँकेकडे कर्जाचा अर्ज मुंबईत किंवा पुण्यात बसून भरत असतानाच हे ७५० आणि जून-जुलैचं भाडं त्यात घालावं, कारण नंतर न्यूयॉर्कहून रक्कम वाढवून मागायची तर सहकर्जदार वडिलांना पुन्हा शाखेत सह्या करायला जावं लागतं.